लांब स्क्रू

लॅपटॉप पालथा घालून थोरलीने झाकणाचा शेवटचा स्क्रू काढला आणि नखाने फट पाडून झाकण उचललं. शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात नवा बोर्ड होता, कालच आलेला. जुना काढायचा, नवा बसवायचा आणि चार महिने मेलेलं हे यंत्र उठवायचं, एवढाच रविवारचा बेत होता.

बाबा टेबलाशी पेपर वाचत बसले होते. ते खुर्ची घेऊन खिडकीपाशी सरकले.

"बसा ना इथेच, मला जागा पुरते," ती म्हणाली.

"नको. उगाच माझा धक्का लागायचा."

थोरली म्हणजे कोबीचा गड्डासुद्धा व्हिडिओ बघून चिरणारी बाई. कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर देणं तिला कमीपणाचं वाटे. मागच्या खेपेला बॅटरी तिनेच बदलली होती, लगे हात आतला पंखाही काढून पुसला होता आणि निघालेले सगळे स्क्रू एकाच वाटीत टाकले होते. या खेपेला मात्र शहाणपण आलं होतं. तिने कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं होतं आणि निघेल तो स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने डकवत होती.

आधी बॅटरी सोडवायची होती. तीन स्क्रू पटापट आले. चौथा फिरतोय फिरतोय, पण संपतच नाही. अखेर बाहेर आला तेव्हा तो बाकीच्या तिन्हींच्या दुप्पट लांब होता.

तिने मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. भोकाच्या तळाशी हिरवा बोर्ड फुटला होता, आणि त्यावरची तांब्याची बारीक रेघ तुटून वर आली होती. पंख्याचा स्क्रू बॅटरीच्या भोकात गेला होता. वाटीत हात घालून, नीट न बघता, तिनेच तो पिळला होता. जड जातोय म्हणून वर जोरही लावला होता. त्या दिवशी झाकणाच्या आत दुसऱ्या कुणाचा हातच लागला नव्हता.

तिने वळून बाबांकडे पाहिलं.

बाबांनी लावलं होतं ते फक्त झाकण. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. "आण, एवढं तरी मला करू दे," म्हणून हौसेने बसले आणि बाहेरचे दहा स्क्रू आवळून दिले. त्यानंतर लॅपटॉप सुरूच झाला नाही. थोरली तेव्हा काय बोलली ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. "माझ्या हातात होता तोवर चांगला चालू होता, बाबा. हात थरथरतात तुमचे. आता पुरे करा ना हे सगळं." चालू होता म्हणे! तिने बटण दाबूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात बाबांनी डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, हत्यारांची पेटी, सगळं चौकातल्या घड्याळवाल्याला देऊन टाकलं. हल्ली ते चहासुद्धा अर्धाच कप मागत, सांडू नये म्हणून. थोरलीला हे दिसत होतं. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

आता गप्प राहणं काही अवघड नव्हतं. नवा बोर्ड बसला असता, लॅपटॉप सुरू झाला असता, वर बाबांनीच तिचं कौतुक केलं असतं. तिने तो लांब स्क्रू खिशात टाकलाही. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठली, खिडकीपाशी गेली आणि स्क्रू काढून त्यांच्या पेपरवर ठेवला.

"बाबा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. हा मी भलत्याच भोकात पिळला होता. बोर्ड मी फोडला आणि बोल तुम्हाला लावला."

बाबांनी स्क्रूला हात लावला नाही. चष्मा सावरून नुसतं पाहिलं.

"बॅटरीच्या डाव्या कोपऱ्यातला ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"झाकण ठेवताना दिसला होता. बाकीच्यांपेक्षा केसभर वर होता. घड्याळ असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. म्हटलं, यातलं तुला जास्त कळतं."

ती खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. "अहो, मग मी तुम्हाला नको नको ते बोलले, तेव्हा तरी सांगायचं! चार महिने गप्प का बसलात?"

बाबा रागावलेले नव्हते, आणि तेच तिला सोसवेना.

"तू एवढं ठासून म्हणालीस," ते म्हणाले. "मी तो स्क्रू या डोळ्यांनी पाहिला होता गं. तरी मला वाटलं, आपल्याच हातून झालं असणार."