बिनस्क्रूचं झाकण

लेकीने घेऊन दिलेल्या नव्या गाडीचं बॉनेट उघडून बाबा पाना हातात धरून उभे राहिले. समोर इंजिन दिसेचना, नुसतं काळं, गुळगुळीत झाकण. त्यांनी कडेने बोट फिरवलं. एकही स्क्रू लागला नाही. जुन्या गाडीवर ते दर रविवारी असेच वाकायचे आणि लेक टॉर्च धरायची. आजही सवयीने टॉर्च घेऊन आली होती. “अगं, हे उघडतं कुठून? कुठल्या गाढवाने बनवलंय?” “मीच बनवलंय, बाबा. कंपनीत माझं तेच काम. तुम्ही रेडिएटर उघडताना मनगट भाजून घेतलंत, तेव्हा टॉर्च माझ्याच हातात होता. म्हणून घरी कुणाला हातच घालता येणार नाही, असं केलं.” बाबांनी मनगटावरचा डाग पाहिला, झाकण पाहिलं. शाबासकी द्यावी की रागवावं, कळेना. “छान केलंस,” ते पुटपुटले. “पण आता रविवारी आपण करायचं काय?”