नेट गेलं की बोट येते

शिन मिस्त्री शिडीवरून खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, "झालं, यानबाई. ही दुसरी लाइन सुरू झाली की मला परत यायची गरज नाही."

"वा, छान झालं," यान यु-लान म्हणाली आणि कपातला चहा निम्मा टेबलावर ओतून मोकळी झाली.

छान कसलं, डोंबल. बेटावरच्या मच्छीमार संघाच्या कचेरीत ती एकटी कारकून. चाळिशी उलटलेली, लग्नाचं राहूनच गेलेलं, आणि त्याचं रडगाणं गायचा तिचा स्वभाव नव्हता. कोणाच्या बोटीला किती डिझेल मिळालं, कोणाचा परवाना कधी संपतो, हे सगळं ती संगणकात भरायची. नेट गेलं की मागोंग शहरातून सकाळच्या बोटीने शिन यायचा. वायरी तपासायचा, दुपारी तिच्यासमोर बसून माकूळ घातलेल्या तांदळाच्या शेवया खायचा आणि ऊन उतरायच्या आत परतायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, मोजकं बोलणारा, केबलसुद्धा वेणीसारखी नीट गुंडाळणारा माणूस. त्याच्यासोबतची ती एक दुपार यु-लानला पुढे महिनाभर पुरायची.

आणि नाही पुरली तर? मग काय, वसंतात एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा तिने इकडेतिकडे बघून राउटरची वायर हळूच उपसली होती. लाज वाटली होती, पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता. बाकी तीन वेळा नेट आपोआपच गेलं, तिने बोटसुद्धा लावलं नव्हतं. समुद्राच्या देवीने, माझूमातेनेच आपलं ऐकलं, असं धरून तिने देवळात संत्री ठेवली होती.

पण एका वर्षात पाच खेपा म्हटल्यावर शिनच्या साहेबाचं डोकं फिरलं. बेटावर हवेतून चालणारी दुसरी लाइन बसव आणि यापुढे काय ते इथूनच दुरुस्त कर, असा हुकूम सुटला. म्हणून आज कचेरीच्या छपरावर अँटेना उभी राहिली होती.

"म्हणजे आता नेट गेलंच तर?" यु-लानने टेबल पुसत विचारलं.

"या दुसऱ्या लाइनवरून मी आत शिरणार आणि मागोंगमध्ये बसूनच ठीक करणार. तुम्हाला कळायचंसुद्धा नाही."

"सोय झाली म्हणायची."

"हो. सोय झाली." शिन पेचकस पुसत बसला. तो मघाशीच एकदा पुसून झाला होता.

तेवढ्यात ओउ मावशी शेवयांचे वाडगे घेऊन आत आली. कचेरी झाडायची आणि दुपारचं जेवण रांधायचं, ही तिची कामं. जिभेला मात्र हाड नव्हतं.

"खाऊन घ्या पोटभर, मिस्त्री. इथलं शेवटचंच जेवण ना तुमचं?"

"मावशी, काहीतरीच काय बोलता," यु-लान पुटपुटली.

"मग काय बोलू? एवढा खांब छपरावर ठोकायचा कशाला, म्हणते मी. हिचे हात बांधले असते तरी भागलं असतं."

शिनने मान वर केली. "कोणाचे हात?"

"हिचेच की. ती निळी वायर हीच उपसते. झाडू मारताना मी दारातून बघितलंय, तेही दोनदा. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे." एवढं बोलून मावशी मिरचीची चटणी आणायला निघून गेली.

यु-लानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संघाला कळलं तर नोकरी जाईल, हे तिच्या लक्षात आलं, पण त्याचं तिला काहीच वाटलं नाही. शेवटच्या दिवशी या माणसाच्या नजरेतून उतरायचं, हे मात्र तिला सोसवेना.

"दोनदाच," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला उगीच हेलपाटे घालायला लावले. पण दोनदाच, खरंच. बाकीच्या तीन वेळा माझा हात नव्हता."

"माहीत आहे मला."

"कसं काय?"

शिनने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "त्या तीन वेळा वायर जागेवरच होती. मी मागोंगहून राउटरच्या सेटिंगमध्ये बदल करायला गेलो आणि लाइनच तुटली; त्याने मलाच बाहेर ठेवून आतून कडी लावून घेतली. मग बोटीने येऊन कडी काढण्यावाचून इलाज नसतो."

यु-लानचा जीव जरा भांड्यात पडला. म्हणजे यानेही घोटाळे केलेच होते तर. "असं होतं का तुमच्या कामात?"

"नवशिक्यांचं होतं. म्हणून तर दुरून हात घालण्याआधी राउटरला सांगून ठेवायचं असतं, की थोड्या वेळात माझा निरोप आला नाही तर सगळं पहिल्यासारखं कर. मग कडी लागली तरी आपोआप उघडते. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो."

"आणि स्वतः विसरलात? तेही तीनदा?" यु-लानला हसू आवरेना. "वय झालं तुमचं, मिस्त्री."

शिनने काड्या उचलल्या आणि आपल्या वाडग्यातला माकुळाचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्या वाडग्यात ठेवला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"एवढ्या वर्षांत मी ते एकदाही विसरलेलो नाही, यानबाई."