यादीचा चोर

गोरक्षने चौथ्यांदा बटण दाबलं. रक्तपेढीतल्या जुन्या संगणकाच्या पोटात खडखड झाली, पडदा मात्र काळाच राहिला. चार हजार रक्तदात्यांची यादी त्याच डब्यात होती.

ओ निगेटिव्हचे दाते कोण ते लगेच काढ, असं डॉक्टर रश्मी मॅडम दारातूनच सांगून गेल्या. नगरच्या दुसऱ्या टोकाला प्रसूतिगृहात पाथर्डीकडची मनकर्णा बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. पेढीतली त्या गटाची एकुलती एक बाटली सकाळीच संपली होती. कागदी फॉर्म माळ्यावर गठ्ठ्यांत. ते चाळायला दिवस गेला असता.

गोरक्षला यादीची आणखी एक भानगड ठाऊक होती. महिन्यापूर्वी गच्चीवर अँटेना उभारून हा संगणक प्रसूतिगृहातल्या संगणकाला बिनतारी जोडला होता. फोल्डरला पासवर्ड टाक, असं मॅडमनी बजावलं होतं. पण गोरक्ष पडला शनिशिंगणापूरचा. ज्याच्या घराला जन्मात दार नाही, त्याला कुलपाची आठवण कशी यावी? मग गेल्या रविवारी, पलीकडचं प्रसूतिगृहाचं ऑफिस बंद असताना, संगणकाचा दिवा आपोआप लुकलुकू लागला. कुणीतरी यादी उपसत होतं. नावं, पत्ते, कुणाला कोणता आजार निघाला तेसुद्धा. त्याने घाबरून अँटेनाची वायर उपटली आणि वाऱ्याने बिघाड झाला म्हणून ठोकून दिलं.

आता सांगावं तर नोकरी जाणार. गप्प बसावं तर ती बाई जाणार. तो मॅडमच्या खोलीत गेला.

"मॅडम, डिस्क गेली. अन् यादी रविवारीच चोरीला गेलीय. मी पासवर्ड टाकलाच न्हाई. चोर घावला, तरच यादी घावंल."

बिनतारी जोडणी प्रसूतिगृहाशीच होती, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी तिथला नंबर फिरवून यादीचं विचारलं. फोन तिथे संगणकावर बसणाऱ्या अश्विनीने घेतला होता. तिचा रडवेला आवाज गोरक्षलाही ऐकू आला.

"मॅडम, मीच घेतली. जोडणी सारखी तुटायची, म्हणून सुट्टीत येऊन उतरवून ठेवली. विचारलं नव्हतं, म्हणून भीत होते. लिहून घ्या, ओ निगेटिव्ह सात जण आहेत."

त्यांतल्या दोघांनी येऊन रक्त दिलं आणि संध्याकाळी, रक्तस्राव थांबून मनकर्णाने पाणी मागितल्याचा फोन आला. मॅडमनी गोरक्षला चांगलं झापलं आणि दुसऱ्या संगणकावर समोर बसून पासवर्ड टाकायला लावला. त्याने तो निमूट टाकला, आणि सगळ्यात आधी त्या चोराला फोन करून सांगितला.