भुरी तळ्यापलीकडं गेली

टिंग.

तासभर झोका देऊन संयोगितानं बाळाला नुकतंच झोपवलं होतं. दुपारची गल्लीसुद्धा गप्प होती. सहा महिने कपाटात मरून पडलेला टॅब अंतरानं चार्जरला लावला, तो जिवंत झाला, एवढंसंच वाजलं आणि पाळण्यातून दोन मुठी वर आल्या.

संयोगितानं दात आवळून लेकीला हाक मारली. अंतराला ती ऐकूच गेली नाही. ती टॅबवर वाकली होती आणि तिचं तोंड रडायच्या बेतात आलं होतं. तिच्या खेळातल्या गावात गुडघाभर गवत माजलं होतं. विहिरीकडं जायची वाट दिसत नव्हती. भोपळे जागीच कुजले होते. शेजारी एक शेळी राहायची, शिवणकाम करणारी. अंतरानं तिचं नाव भुरी ठेवलं होतं. तिच्या दाराला कुलूप होतं.

या खेळाची हीच कटकट होती. टॅब बंद केला तरी ते गाव बंद व्हायचं नाही. इथं दिवस मावळला की तिथंही मावळायचा, कुणी बघणारं असो नसो. शंभर दिवस गेलो नाही तर तिथली मंडळी आपल्याला विसरतात, असं अंतरानं मलकापूरला निघताना दहादा सांगितलं होतं. संयोगितानं मुद्दामच टॅब कपाटात ठेवला होता. बाळंतपणाला माहेरी निघालोय, तिथं तरी त्या डबड्यापासून सुटका.

काल संध्याकाळी मायलेकी बाळाला घेऊन परत आल्या. तेव्हापासून तिला धड काही सापडत नव्हतं. सकाळी तिनं सवयीनं वरच्या फळीवरचा डबा घेऊन चहात दोन चमचे घातले, आणि सासूबाईंनी पहिला घोट तसाच मोरीत नेऊन टाकला. मुंग्या लागायला लागल्या म्हणून साखर आता फ्रीजमध्ये असती, त्या म्हणाल्या, डबा रिकामा झाला म्हणून त्यात मीठ भरलं, तुला सांगायचं राहिलं बघ. आठ वर्षं त्या डब्यात साखर होती.

आणि शाळेतून फोन यायचा होता. तो आला की सोमवारपासून तिला बालवाडीच्या छोट्या गटावर शिकवायला जायचं होतं. सात वर्षं तो वर्ग तिचाच. तिथं वल्लरी नावाची साडेतीन वर्षांची एक चिमुरडी होती. संयोगिताच्या मांडीवर बसल्याशिवाय ती डबा उघडायची नाही. संयोगिता रजेवर निघाली त्या दिवशी वल्लरीनं तिच्या ओढणीचं टोक बाकाच्या पायाला बांधून ठेवलं होतं. मलकापुरात रात्री बाळाला पाजताना तिला ती गाठ आठवायची.

खरं तर बाळाच्या तिसऱ्या महिन्यातच परतायचं ठरलं होतं. तसं तिनं शाळेत सांगितलंही होतं. ऐन वेळी बाळाला खोकला झाला. तो बरा होईतो चौथा महिना लागला आणि आईनं वाट अडवली. सम महिन्यात लेकरू घेऊन उंबरा ओलांडायचा न्हाई. एका महिन्यानं शाळा काय पळून जाती व्हय? संयोगिता थांबली. आयतं ताट मिळत होतं, न्हाणीत गरम पाणी मिळत होतं. तिनं फारसा वादही घातला नव्हता.

"आई, वाच की."

भुरीच्या दारावर चिठ्ठी होती. इंग्रजी, गिचमिड अक्षरातली. संयोगितानं रडणारं बाळ खांद्यावर टाकलं आणि वाचलं. पुष्कळ दिवस वाट बघितली, आता तळ्यापलीकडं राहायला जाते. अंतराच्या डोळ्यांतनं टपकन पाणी आलं.

"त्यात रडायचं काय? जा तळ्यापलीकडं आणि भेट तिला. गाव काय पळून गेलंय व्हय?"

आईचंच वाक्य आपल्या तोंडून आलं, हे ध्यानात आल्यावर तिला आणखीच वैताग आला. तेवढ्यात फोन वाजला.

शाळेच्या मोठ्या बाई होत्या. बाळाची चौकशी झाली, वजन विचारून झालं. मग त्यांनी सांगितलं की छोट्या गटावर तुमच्या जागी आलेल्या तेजस्वी बाईच राहतील. मुलं त्यांना रुळलीत, मधेच पुन्हा बदल नको. तिसऱ्या महिन्यात आला असता तर गोष्ट वेगळी होती. कुठं जागा झाली की आधी तुम्हालाच कळवते.

संयोगिता बरं म्हणाली. फोन ठेवायच्या आधी तिच्यानं राहवलं नाही.

"वल्लरी फार रडली का हो?"

मोठ्या बाई हसल्या. चांगली बातमी द्यावी तशा म्हणाल्या, "छे हो. दोन दिवस. आता तेजस्वी बाईंच्या मांडीवरनं उठत नाही."

"बरं झालं," संयोगिता म्हणाली.

बाळ आता गप झालं होतं. तिचा हात मात्र त्याच्या पाठीवर तसाच थोपटत राहिला. ती खाली अंतराशेजारी येऊन बसली. अंतरानं गवतातनं वाट काढली होती, तळं ओलांडलं होतं. पलीकडं नव्या घराच्या अंगणात भुरी मशीनवर काहीतरी शिवत बसली होती. तिच्याजवळ दुसरीच कुठलीशी मुलगी दोरा धरून उभी होती. अंतरा पुढं झाली. भुरीनं मान वर केली. तिच्या डोक्यावर एक ओळ उमटली.

"काय म्हणतीया?" अंतरानं हरखून विचारलं.

संयोगितानं ती ओळ मनात वाचली. मग पुन्हा वाचली.

"म्हणतीया, या पावणं. गावात नवीन आलाय काय?"

ओळीखाली दोन बटणं होती, एक हिरवं, एक लाल. अंतराचं बोट दोन्हींच्या मधे थांबलं. तिनं आईकडं बघितलं.

"आई, काय दाबू? व्हय का न्हाई?"