देवीची कार्डं

कुसुमबाईने टपालाची थैली टेबलावर उलटी केली आणि ढीग बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्डं कमी व्हायला हवी होती. ती वाढली होती.

प्रत्येकावर तेच. देवीचा महिमा, अकरा जणांना लिहून पाठवा, भरभराट होईल. फाडाल, जाळाल तर घर बसेल. खाली, आजवर ज्यांची घरं बसली त्यांचे दाखले. हाच मजकूर छापून जैनथच्या बाजारात विकणारा धोंडीबा गेल्या आठवड्यात पोलिसांनी उचलला होता, तोही कुसुमबाईने तक्रार दिली म्हणून. ती गावातल्या शाळेची मास्तरीण. शाळा सुटली की टपालाचं काम, घरच्याच टेबलावर, आणि वाटपही तिच्याचकडे. मुळावरच घाव घातला, अशा समजुतीत ती चार दिवस खुशीत होती. आता ताज्या कार्डांत शेवटी एक नवी ओळ आली होती: 'जैनथच्या बाजारात एकाने देवीच्या नावाचा धंदा केला, त्याला पोलिसांनी बेड्या घालून नेले.' धोंडीबा गजाआड जाऊन त्याचाही दाखला झाला होता.

ठाण्याचा जमादार तेवढ्यात खुशखबर सांगायला आला. "पकड लिया ना, मास्तरीणबाई? अब एक भी नहीं आएगा," म्हणाला. कुसुमबाईने मूठभर कार्डं त्याच्यापुढे आपटली. त्याने एक वाचलं, टोपी सारखी केली, आणि जाताना कोरी कार्डं मागितली. किती, ते ऐकून तिने अशी काही नजर टाकली, की घरवाली ऐकत नाही असं पुटपुटत तो सटकला. पण कार्डं घेऊनच सटकला.

त्याच्यामागून भागाबाई आली आणि तिच्या पाठीशी, रिकामी कळशी काखेत धरून, मनकर्णा. मनकर्णाचे दिवस भरत आले होते. हिवाळ्यात तिने असलं एक कार्ड चुलीत घातलं, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या भागाबाईच्या अंगणातला कापूस पेटला. कोणाची तरी विडी पडली असेल, हे ऐकून घ्यायला गल्लीत कोणी तयार नव्हतं. बायांनी मनकर्णाचं हापशीवर येणं बंद केलं. तेव्हापासून ती तेवढं पोट घेऊन नाल्याचं पाणी वाहत होती. धोंडीबा सापडू दे, सगळं निवळेल, असा शब्द कुसुमबाईनेच तिला दिला होता.

भागाबाईने कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मनकर्णाने आज लिहिलीत, म्हणाली. "शिक्का माह्या डोळ्यादेखत मारा बाई. मंग येऊ द्या तिले हापशीवर."

कुसुमबाईचा तोल गेला. भागाबाईला काय बोलणार, तिला अक्षर येत नव्हतं. ती मनकर्णावर फिरली.

"याच्यासाठी शिकवलं का मी तुले लिहायले?"

मनकर्णाने मान वर केली नाही. "धोंडीबाले तुमी धरून देल्लं, बाई," ती म्हणाली. "मले कोन सोडवते?"

कुसुमबाईला आणखी संताप आला. तिने गठ्ठा ओढला. संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात तिनेच हात धरून गिरवून घेतलेली ती वाकडी अक्षरं. घर बसेल, घर बसेल, घर बसेल. शिक्का मारायला तिने पहिलं कार्ड पत्त्याच्या बाजूला उलटलं.

पत्ता तिचाच होता. सौ. कुसुमबाई, शाळेजवळ. वर्गात सरावासाठी ती फळ्यावर लिहून द्यायची, तस्साच. दुसरं कार्ड उलटलं, त्यावरही तोच. तिसऱ्यावरही. ती शेवटपर्यंत उलटत गेली.

या ढिगातून तिच्या नावाचं कार्ड आजवर कधी निघालं नव्हतं. जयभीमवाल्यांना देवीचा कोप लागत नाही, असं गावात म्हणत आणि तिचं घर वगळत. कुसुमबाईने वर पाहिलं. मनकर्णा आता सरळ तिच्याकडे बघत होती, कळशी पोटाशी घट्ट धरून.

"काय झालं बाई?" भागाबाईने विचारलं. "पत्ते बराबर हायेत ना?"

"बराबर हायेत," कुसुमबाई म्हणाली.

मग तिने शिक्का शाईत दाबला आणि मारला. टेबल हादरलं. जमादाराच्या नावाने एक मारला, धोंडीबाच्या नावाने एक, उरलेले सगळे स्वतःच्या. भागाबाई बोटांवर मोजत होती. शेवटचा शिक्का पडल्यावर तिने कार्डांना हात जोडले आणि मनकर्णाच्या हातातली कळशी स्वतःच उचलली. ती वाईट बाई नव्हती. तिचा कापूस जळला होता.

दोघी गेल्यावर कुसुमबाईने आपलं टपाल चुलीत घातलं आणि त्यावर चहा ठेवला. बाकीचा ढीग मात्र सरकारी होता. त्याला हात लावता येत नव्हता, तो वाटावाच लागणार होता. ती थैली खांद्याला अडकवून दात-ओठ खात निघाली.

हापशीवर भागाबाई दांडा मारत होती आणि मनकर्णा कळशी धरून होती.

"माह्यं काही हाय का बाई?" भागाबाईने विचारलं.

होतं. कुसुमबाईने ते पुढे केलं. भागाबाईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. अकरा तूच लिहून दे, म्हणत तिने ते मनकर्णापुढे धरलं.

मनकर्णाने ओले हात पदराला पुसले आणि कार्ड घेतलं. तिला पत्ता एकच लिहिता येत होता.