तिसरी वाचक

“सर, तुम्ही चुकलात तर तुम्हाला कोण सांगतं?”

शाळेच्या सहलीत हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिला सगळ्या ‘तोफ’ म्हणायच्या ते काही उगीच नाही. मागे खुसखुस झाली. बाईंनी डोळे वटारले. संग्रहालयात काचेखालचे दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक पपायरसचे तुकडे दाखवणारे, ते वाचून छापणारे संपादक सर मात्र खूश झाले.

“लिहिणाऱ्याला तर विचारता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा दोन हौशी वाचक वाचतात. आपापल्या घरी, फोटोवरून. एकमेकांची नावं त्यांना माहीत नसतात. घरीही सांगायचं नाही, नाहीतर अख्खं घर मिळून वाचत बसतं. दोघांचं जमलं नाही, तर तिसरा खरा तुकडा बघून निकाल देतो.”

“तिसरा कोण?”

“जागा रिकामी आहे. लोकांच्या भांडणात पडायला कोण तयार होतंय?”

“मी पडते!”

मग दर शनिवारी ‘लायब्ररीत जाते’ सांगून ती तिथे पोचू लागली. शब्दांमध्ये जागाच न सोडता लिहिलेली ग्रीक अक्षरं आधी मुंग्यांसारखी दिसायची. हळूहळू मुंग्यांना चेहरे आले. शंका असेल त्या अक्षराखाली टिंब द्यायचं. फाटलेल्या जागी कंस करायचा आणि त्यात आपल्या मनातलं घुसडायचं नाही, हे ती शिकली. तिच्यासारखीला हे शेवटचं फार जड गेलं.

वर्षभराने सरांनी तिला पहिलं भांडण दिलं. “हा निकाल पटला तर जागा तुझी. नाही तर पुन्हा अक्षरं गिरवायची.”

तुकडे दोन होते. एकावर होतं, ‘तुझं गाढव फार गुणी आहे.’ दुसऱ्यावर, ‘आजच येऊन त्याला घेऊन जा.’

पहिल्या वाचकाचं म्हणणं, पत्र एकच. दुसऱ्याचं म्हणणं, छे, एवढं कौतुक करून कोणी हाकलतं का? शाईही वेगळी दिसते. पत्रं दोन.

मग शेऱ्यांमधून जुंपली होती.

‘पहिल्या वाचकाने चष्म्याचा नंबर तपासावा.’

‘गोड बोलून सुटका करून घेणारी माणसं असतात. आमच्याकडे एक आहे.’

‘मग त्या बिचाऱ्या माणसाचे हाल मला कळतात.’

‘दुसऱ्या वाचकाला गाढवाचा फारच कळवळा. नात्यातलं दिसतंय.’

ती पोट धरून हसली. तिच्या घरी असलं काही ऐकायलाच मिळत नसे. दातांची डॉक्टर आई आणि बँकेतले बाबा, दोघांचा आवाज कधी चढलेला तिला आठवत नव्हता. भाजी खारट झाली तरी बाबा ‘छान झालीय’ म्हणत, फक्त आईने पुन्हा वाढायला घेतली की ताटावर हात आडवा धरत. जेवणं झाली की आई एक्स-रे बघायला आतल्या खोलीत जायची आणि बाबा लॅपटॉप घेऊन गॅलरीत.

तिने तुकडे दिव्याच्या काचेवर ठेवले. पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या चिकटवून केलेला कागद. उजेडात त्यातले धागे दिसतात. ते फोटोत उमटत नाहीत. एक जाड, काळपट धागा वरच्या तुकड्यातून खाली आला होता. तिने खालचा तुकडा केसभर सरकवला. धागा जुळला. दुसरा जुळला. तिसराही.

“सर! कागद एकच आहे!”

सरांनी भिंग लावलं. एकेक धागा वरून खालपर्यंत तपासला. तिची नखं संपत आली.

“छापायला देऊ,” ते म्हणाले. “तुझ्या नावासकट. आता दोघांना निकाल तूच सांगायचा. समोर जाऊन. ती इथली रीत आहे.”

त्यांनी संगणकात बघून दोन नावं सांगितली.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितली. आणि चष्मा वर करून तिच्याकडे बघतच राहिले.

घरापर्यंत ती जवळजवळ पळतच आली. दारातच बूट भिरकावले. आई सोफ्यावर होती. बाबा नेमके गॅलरीकडे निघाले होते.

“बसा दोघंही,” तिने कमरेवर हात ठेवून जाहीर केलं. “निकाल लागलाय. पत्र एकच आहे, पहिली वाचक जिंकली. दुसरे वाचक, आईची माफी मागा.”