खरी मावशी

रसवंतीच्या बाकावर बसून सुलभा आणि हेमलता शेअरबद्दल बोलत, पण ‘शेअर’ हा शब्द चुकूनही न उच्चारता. पर्समधले फोन सगळं ऐकत, आणि कुणी ‘विकूया’ म्हणायचा अवकाश, भाव कोसळलेला असे. म्हणून त्यांच्या लाडक्या तेल कंपनीचं नाव दोघींनी ‘मावशी’ ठेवलं होतं. मावशी उठली म्हणजे भाव चढला. मावशी चालली म्हणजे विकून मोकळं व्हायचं.

आज हेमलता उशिरा आली. रसाला हात न लावता म्हणाली, “मावशी चालली गं.”

सुलभाने झटकन फोन काढून सगळे शेअर विकले. “सुटले बाई एकदाची!”

हेमलता तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

“अगं, काय झालं?”

उत्तर सुलभाच्या हातातल्या फोनने दिलं, अगदी हळू आवाजात. “हेमलताताई त्यांच्या खऱ्या मावशींबद्दल बोलताहेत. त्यांच्या फोनने कळवलंय, मावशींना सकाळपासून शुद्ध नाही. दवाखान्यात जायला रिक्षा बोलावू?”

सुलभाने हेमलताचा गार हात घट्ट धरला.

“बोलाव,” ती फोनला म्हणाली. “आणि आता थोडा वेळ ऐकू नकोस. तिला रडायचंय.”